हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही

वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात फॉर्मचं काम नवशिक्याच्या गळ्यात पडतं. पहिलं पान, त्यावरची सरकती चित्रं, रंग, बोधचिन्ह हे सगळं जुन्या लोकांकडे. ‘संपर्क’, ‘नोंदणी’, ‘अर्ज करा’ ही पानं कालपरवा लागलेल्या पोरीकडे. कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत मी लागले तेव्हा असंच झालं. टेबलात टेबल घालून पानं रचायचे ते दिवस होते. फॉर्मपुरतं एचटीएमएल एका दुपारी शिकून झालं, आणि आज कोणी नव्याने शिकायला बसलं तरी फार वेळ लागणार नाही. फॉर्म नावाचा टॅग, त्याच्या पोटात इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया आणि शेवटी सबमिटचं बटण. १९९५ च्या नोव्हेंबरात एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हाच मजकुराचा रकाना, पासवर्ड, चेकबॉक्स, रेडिओ, लपवलेला रकाना, रीसेट ही सगळी मंडळी त्यात हजर होती. फाइल जोडायची सोयही त्याच महिन्यात वेगळ्या प्रस्तावातून आली. ईमेल, टेलिफोन, तारीख, आकडा यांचे निराळे रकाने एचटीएमएल फाइव्हने दिले. त्या आवृत्तीवर २०१४ साली शिक्कामोर्तब झालं.

सामान एवढंच. तेवढ्यावर मी शाळा, पतसंस्था, दवाखाने, परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि सरकारी खाती यांचे फॉर्म करत आले. पुढे मोठी कामं मिळाली, पुण्यात ऑफिस झालं, हाताखाली माणसं आली, तरी फॉर्म मी कोणाला दिले नाहीत. टॅग सोपे असतात. माणसाला काय विचारावं, आणि त्याच्याकडे उत्तर नसेल तर त्याने काय करावं, हे ठरवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. मला ती तारांबळ आवडायला लागली होती.

सक्तीच्या रकान्यापुढच्या लाल स्टारपासून सुरुवात करते. कुठल्याही बैठकीत रकान्यांची छापील यादी टेबलावर येते आणि कोणीतरी वरिष्ठ साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, ‘सगळ्याला स्टार मारा. लोक अर्धवट भरतात.’ एका खात्याच्या अनुदानाच्या अर्जात असंच झालं. ईमेलसकट सगळं सक्तीचं. अर्ज करणारे बहुतेक पन्नाशीपुढचे शेतकरी. टॅगमध्ये रिक्वायर्ड हा एक शब्द टाकला की ब्राउझर रिकामा रकाना पुढे जाऊ देत नाही, पण तो तपासतो ते आत काहीतरी आहे की नाही एवढंच. साध्या मजकुराच्या रकान्यात नुसती एक स्पेस दिली तरी त्याचं समाधान होतं. ईमेलच्या रकान्यात मध्ये अ‍ॅटची खूण आणि दोन्ही बाजूंना थोडी अक्षरं असली की झालं. पहिल्या पंधरवड्यानंतर आम्ही जमा झालेली माहिती उघडली, तर ढीगभर अर्जांवर एकच ईमेल. तो कुठल्यातरी गावात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा. बाकीच्यांत ‘एनए अ‍ॅट एनए डॉट कॉम’ला फार मागणी. मोबाइलच्या रकान्यात दहा वेळा नऊ. खरं उत्तर द्यायची सोयच नव्हती, म्हणून लोकांनी चालेल ते उत्तर दिलं. अर्जांत त्रुटी निघाल्या तेव्हा त्यांचे एसएमएस गेले केंद्रचालकाच्या फोनवर. त्याने त्यातले किती पोहोचवले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. अर्जदार मात्र पैसे कधी येतात म्हणून बँकेत खेटे घालत होते.

ईमेलचा स्टार आम्ही काढला आणि मोबाइलखाली एक प्रश्न वाढवला: हा नंबर कोणाचा? स्वतःचा, घरातल्याचा, की अर्ज भरून देणाऱ्याचा? साहेबांना तो पोरकट वाटला. ‘असं कोण विचारतं?’ पण पाठपुराव्याच्या वेळी तोच रकाना सगळ्यांत जास्त कामाला आला, कारण त्यातली उत्तरं खरी होती. आपलं खरं उत्तर यादीत दिसलं की माणूस सहसा खोटं लिहीत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

त्याच कामात मी एका केंद्रचालकाकडे मुद्दाम दिवसभर जाऊन बसले. तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टपरीवजा खोली, बाहेर रांग. त्याची नजर पडद्यावर नसायचीच. समोरच्याच्या हातातले कागद बघायचा, ‘नाव? वडिलांचं? गाव?’ विचारायचा आणि बोटं आपोआप चालायची. टाइप, टॅब, टाइप, टॅब. मध्येच थांबून तो माउसकडे हात न्यायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या फॉर्मला टॅब चालत नाही.’ आमच्या डिझायनरने ब्राउझरची साधी सिलेक्टची यादी दिसायला ओबडधोबड म्हणून काढून टाकली होती आणि तिच्या जागी डिव्ह नावाचे साधे टॅग जोडून गोल कोपऱ्यांची, सावली पडणारी यादी बनवली होती. ती माउसशिवाय उघडतच नव्हती. साध्या सिलेक्टमध्ये टॅबने जाता येतं, एक अक्षर दाबलं की त्या अक्षराचं नाव समोर येतं, बाणाने खालीवर करता येतं. हे सगळं ब्राउझर फुकट देतो आणि आपण मेहनत करून ते काढून टाकतो. तेव्हापासून कोणी मला यादी ‘सुंदर’ करून आणली की मी आधी माउस उचलून बाजूला ठेवते आणि म्हणते, आता भर.

त्याची दुसरी तक्रार रकान्यांच्या क्रमाची होती. अर्जात आधी बँक, मग जमीन, मग पुन्हा बँक. त्याच्या समोरच्या माणसाच्या पिशवीत आधी आधार कार्ड असतं, मग पासबुक, मग सातबारा. तो एक कागद हातात घेतला की त्यातलं सगळं एका दमात उतरवायचं बघतो. आमच्या फॉर्मने त्याला पासबुक दोनदा मागायला लावलं होतं, आणि दुसऱ्यांदा मागितलं की म्हातारा घाबरायचा, काहीतरी चुकलं म्हणून. क्रम बदलायला दहा मिनिटं लागली. ऑफिसात बसून तो क्रम कोणालाही सुचला नसता, कारण ऑफिसातल्या यादीत रकाने खात्याच्या विभागांप्रमाणे मांडले होते.

सातबाऱ्यावरून आठवलं. गट क्रमांकाला ‘क्रमांक’ म्हणतात म्हणून एका हुशार पोराने तो रकाना आकड्यांचा केला. १२३/२/अ हा गट क्रमांक त्यात शिरेना. केंद्रांवर लोकांनी नुसतं १२३ लिहून अर्ज पुढे ढकलले, आणि एका गटाचे चार हिस्सेदार एकाच जमिनीवर दावा सांगताहेत असं खात्याला दिसायला लागलं. आकड्यांच्या रकान्याची आणखी एक खोड आहे. त्यात कर्सर असताना पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं तर बऱ्याच ब्राउझरांत आतला आकडा एकाने वरखाली होतो, आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बँकेचा खाते क्रमांक एकाने चुकला तर काय होतं ते सांगायला नको. ब्रिटिश सरकारच्या डिझाइनवाल्यांनीही २०२० मध्ये असल्या कारणांवरून हा प्रकार टाळून साधा मजकुराचा रकाना घ्यायचा आणि इनपुटमोडने फक्त आकड्यांचा कीबोर्ड उघडायचा, असा रस्ता धरला. माझा नियम सोपा आहे: ज्याची बेरीज करायची नाही, तो माझ्या लेखी आकडा नाही. खाते क्रमांक, पिनकोड, आधार, मोबाइल, सगळा मजकूर.

मोबाइलचीही एक गंमत. नंबर सात, आठ किंवा नऊनेच सुरू होतो असं कोणीतरी कधीकाळी तपासणीच्या कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. मग सहाने सुरू होणारे नंबर बाजारात आले आणि कितीतरी फॉर्म नव्या ग्राहकाला ‘वैध क्रमांक टाका’ म्हणून दरडावायला लागले. तो बिचारा स्वतःचाच फोन काढून नंबर पुन्हा पुन्हा पडताळत बसतो.

नावांबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव असे तीन रकाने करायची इतकी सवय आहे की त्यात कोणाला काही खटकत नाही. मग फॉर्म वसईला जातो. तिथल्या ख्रिस्ती आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डीनंतर वर एक स्वल्पविराम टांगलेला असतो, गोव्यातही असतो. डेटाबेसला आज्ञा देताना मजकूर कुठे संपतो हे त्याच खुणेने सांगतात. एका शैक्षणिक संस्थेचा फॉर्म डिसोझा, डिमेलो या मुलांनी सबमिट केला की पांढरं पान यायचं. संस्थेतल्या कारकुनाने मुलांना ‘तो टिंब काढून लिहा’ असा सल्ला द्यायला सुरुवात केली आणि मग दाखल्यावरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव जुळेना. गंभीर भाग असा, की जो फॉर्म एका साध्या आडनावाने कोसळतो, तो त्याच जागी मुद्दाम लिहिलेल्या मजकुराने फोडताही येतो. त्या मुलांच्या आडनावांनी संस्थेची सुरक्षा फुकटात तपासून दिली होती, पण तसं मानायला तिथे कोणी तयार नव्हतं. दोष डिसोझाचाच ठरला.

दक्षिणेकडून आलेल्या पुष्कळ लोकांना आपल्या अर्थाने आडनाव नसतं; ते त्या रकान्यात टिंब देतात. पुढे पत्र येतं ते ‘श्री. टिंब’ यांना. एका प्रशिक्षणाच्या नोंदणीच्या वेळी एक बाई हेल्पलाइनवर म्हणाल्या, ‘ताई, मला नवऱ्याचं नाव लावायचं नाही आणि वडिलांचं मी सोडलं त्याला वीस वर्षं झाली. तुमचा फॉर्म पुढं जात नाही. काय लिहू?’ फोन घेणाऱ्या मुलीने सांगितलं, ‘लागू नाही असं लिहा.’ त्यांनी तसं लिहिलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र छापून आलं तेव्हा त्यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये ‘लागू नाही’ असं ठसठशीत अक्षरांत होतं. त्यांनी ते आम्हाला परत पाठवलं नाही, फक्त फोटो पाठवला. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आधी आणि मग वडिलांचं असा क्रम ठरवला, तेव्हा तीन रकान्यांवर बेतलेले सगळे फॉर्म आणि त्यामागचे तक्ते उघडून बसावं लागलं. मी आता जमेल तिथे एकच लांब रकाना ठेवते: संपूर्ण नाव, तुमच्या कागदपत्रावर आहे तसं. तो तोडून तीन तुकडे करायची हौस असलेले लोक बैठकीत असतात. त्यांना मी विचारते, तुकड्यांचं करणार काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘असू द्यावेत, लागले तर.’

लिंग विचारायच्या रेडिओ बटणांचा किस्सा याहून वरताण. महिला बचत गटांच्या प्रशिक्षणाच्या फॉर्ममध्ये लिंग विचारलेलं होतं, ते कशासाठी हे परमेश्वरालाच ठाऊक. जुन्या फॉर्मवरून उचललेलं. आणि त्यात ‘पुरुष’ आधीच निवडलेलं होतं, कारण मूळ फॉर्ममध्ये टॅगला चेक्ड लिहिलेलं होतं. अहवालात प्रशिक्षण घेणाऱ्या बायकांपैकी निम्म्याअधिक पुरुष निघाले. रेडिओ बटण एकदा निवडलं की दुसरं निवडता येतं, पण काहीच न निवडलेल्या स्थितीत परत जाता येत नाही. आणि जे आधीच भरलेलं असतं ते लोक वाचत नाहीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केल्यावर तिसरा पर्याय जोडायचं काम सगळीकडे आलं, तेव्हा मी ती संधी साधून पहिलाच प्रश्न विचारायला लागले: हे विचारायचं आहेच का?

आता एक जून. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की एक जून लावून टाकली, म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना पोराचं वय बरोबर भरतं. गावंच्या गावं त्या दिवशी जन्मलेली आहेत. एका योजनेच्या फॉर्ममध्ये एकाच माणसाने दोनदा अर्ज करू नये म्हणून नियम केला: नाव, जन्मतारीख आणि गाव तिन्ही सारखं असेल तर दुसरा अर्ज घ्यायचा नाही. पुण्याच्या ऑफिसात बसून पाहिलं तर नियम अगदी चोख. पण साताऱ्याकडच्या एका गावात अर्धी वस्ती एका आडनावाची, आजोबांची नावं नातवंडांना लावायची पद्धत, आणि चुलत-चुलत भाऊ सारख्या वयाचे. दोघांचं नाव एक, वडिलांचं नाव एक, वर्ष एक आणि तारीख अर्थातच एक जून. दुसऱ्या भावाने अर्ज भरला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत आलं: ‘आपण यापूर्वीच अर्ज केला आहे.’

त्याने केलेला नव्हता. मग केला कोणी? केंद्रावर उभ्या असलेल्या चारजणांनी सांगून टाकलं, तुझ्या नावावर तुझ्या भावाने पैसे उचलले. दोन घरांचं बोलणं बंद झालं, तक्रार तलाठ्यापर्यंत गेली, तिथून खात्याकडे, खात्याकडून आमच्याकडे. नियमातली खोट शोधायला फारसा वेळ लागला नाही. मला जास्त लागलं ते त्या वाक्याचं. मशीनला एवढंच ठाऊक होतं की अशी माहिती असलेला एक अर्ज आधी आलेला आहे. त्यावरून ‘आपण केला आहे’ असा आरोप ठोकून देणारं वाक्य कोणीतरी कधीतरी लिहिलं आणि कोणी वाचलं नाही. आम्ही ते बदलून लिहिलं: ‘याच नावाचा आणि जन्मतारखेचा एक अर्ज आधी आला आहे. तो तुमचा नसेल तर खाली तसं सांगा आणि पुढे जा.’ खाली एक चेकबॉक्स. त्या दोन घरांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तेव्हापासून चुकीच्या संदेशांची सगळी वाक्यं मी स्वतः लिहिते, आणि लिहून झाली की मोठ्याने वाचते. ‘अवैध नोंद’ हे शब्द मोठ्याने वाचले की आपलीच आपल्याला लाज वाटते.

जन्मतारखेचं आणखी एक दुखणं आहे. तारखेच्या रकान्यावर छोटं कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्याचं. १९४८ साली जन्मलेल्या माणसाने बाण दाबत दाबत किती मागे जायचं? जन्मतारखेला तीन साधे रकाने, दिवस, महिना, वर्ष, हेच बरं. कॅलेंडर डॉक्टरांच्या पुढच्या आठवड्यातल्या वेळेसाठी ठीक आहे.

मराठीत फॉर्म करायचा म्हटलं की दुसरीच एक दुनिया सुरू होते. सुरुवातीच्या काळात पान युनिकोडचं नसलं आणि कोणी त्यात मराठी टाइप केलं, तर ब्राउझर प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा आकडी संकेत पाठवायचा. ‘क’च्या जागी २३२५, मागेपुढे चिन्हं. डेटाबेस जुन्या पद्धतीचा असला तर नुसती प्रश्नचिन्हं. मी असे तक्ते पाहिले आहेत ज्यांत पंचक्रोशीतल्या सगळ्यांची नावं प्रश्नचिन्हांत आहेत, आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की मागचं अक्षर परत मिळत नाही. पानात यूटीएफ-एट लिहिलं, डेटाबेसलाही तेच सांगितलं की हे संपतं. पण ते दोन्हीकडे सांगावं लागतं. लोक एका बाजूला सांगतात आणि दुसरीकडे विसरतात.

मग मॅक्सलेंग्थ, म्हणजे रकान्यात मावणाऱ्या अक्षरांची मर्यादा. नावाला वीस अक्षरं पुरे, असं कोणीतरी म्हणतं. ज्ञानेश्वर हे नाव आपण चार अक्षरांचं मोजतो. ब्राउझर ज, हलन्त, ञ, काना असं करत दहा मोजतो. श्री हे एक अक्षर त्याच्या हिशेबात चार. पत्त्याच्या रकान्यात लक्ष्मीपुरी लिहिताना मर्यादा संपली तर शब्द जोडाक्षराच्या मध्येच तुटतो आणि पाय मोडका ‘ष्’ लोंबकळत राहतो. तसा छापलेला पत्ता घेऊन टपालवाला काय करणार? मराठी फॉर्मला इंग्रजीच्या तिप्पट जागा द्यावी, हे मी आता कोणाला पटवत बसत नाही, देऊन टाकते.

आकड्यांनी तर मजाच केली. सहा आकड्यांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी. तो पिनकोड एका आजींनी मराठी कीबोर्डवरून ४१६००१ असा आपल्या आकड्यांत लिहिला, तर मराठी फॉर्मने मराठीतूनच सांगितलं: ‘फक्त अंक लिहा.’ तपासणीच्या पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच लिहिलेले होते. आजींच्या नातवाने मला फोन करून विचारलं, ‘मग हे अंक नाहीत तर काय आहेत?’ देवनागरी आकडे आत घेऊन गुपचूप बदलून ठेवायला एक ओळ लागते. स्पेस काढायलाही एकच. आधारचे बारा आकडे कार्डावर चार-चारच्या गटांत छापलेले असतात आणि लोक ते तसेच उतरवतात. त्यावर ‘स्पेस चालणार नाही’ म्हणून डोळे वटारणारा फॉर्म केवळ आळशी असतो. काम मशीनचं, ते माणसावर ढकललेलं.

एक दृष्टिहीन बँक अधिकारी पुण्याला आमच्या ऑफिसात आले होते, तो दिवस माझ्या कामात फरक करणारा ठरला. त्यांनी लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए हे मोफतचं स्क्रीन रीडर चालू केलं आणि आमचा फॉर्म ऐकायला लागले. आम्ही सगळे मागे उभे. मशीन बोलत होतं: ‘एडिट. ब्लँक.’ टॅब. ‘एडिट. ब्लँक.’ टॅब. ‘एडिट. ब्लँक.’ रकान्याशेजारी ‘नाव’, ‘शाखा’ असं लिहिलेलं होतं, पण ते नुसतं जवळ ठेवलेलं. लेबलचा टॅग वापरून रकान्याशी बांधलेलं नव्हतं. डोळ्यांना जवळ दिसतं म्हणून आपण ते त्याचं मानतो, यंत्राला तसा काही आधार नसतो. पुढे दोन रेडिओ बटणं आली: ‘हो’, ‘नाही’. कशाला हो? ते मागे वळून हसत म्हणाले, ‘लग्नाला विचारताय का?’ प्रश्न वर वेगळ्या ओळीत होता आणि प्रश्न व पर्याय एकत्र बांधणारे फील्डसेट, लेजंड कोणी लावले नव्हते. हे टॅग १९९७ पासून एचटीएमएलमध्ये आहेत. रकान्यातच फिकट अक्षरांत सूचना लिहायची फॅशन तेव्हा जोरात होती. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते आणि आपण काय भरतोय ते विसरलेल्या माणसाला सगळं पुसून पुन्हा बघावं लागतं. लेबल नीट बांधलं की आणखी एक फायदा होतो, शब्दावर बोट लावलं तरी चेकबॉक्स निवडला जातो. थरथरत्या हाताच्या माणसाला तो इवलासा चौकोन गाठावा लागत नाही. त्यांनी फॉर्मच्या त्रुटी सांगून झाल्यावर चहा घेतला आणि जाताना म्हणाले, असे फॉर्म ते बायकोकडून भरून घेतात आणि मग पासवर्डही तिलाच सांगावा लागतो.

बाकी गोष्टी झरझर सांगते. जिल्ह्यांच्या यादीत दिसणारं नाव आणि साठवायचा संकेत वेगळा ठेवावा. ज्यांनी नुसती नावं साठवली त्यांना पालघर वेगळा झाला तेव्हा आणि पुढे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली तेव्हा जुन्यानव्या नोंदींची सांगड घालताना नाकीनऊ आले. फॉर्म गेट पद्धतीने पाठवला तर भरलेलं सगळं पत्त्याच्या पट्टीत येतं. एका दवाखान्याच्या पावत्यांच्या तळाशी ब्राउझरने तो पत्ता छापला होता, रुग्णाच्या मोबाइल नंबर आणि तक्रारीसकट, आणि पावत्या काउंटरवर उघड्या पडलेल्या. परीक्षेची फी लपवलेल्या रकान्यात ठेवू नये. लपवलेला म्हणजे फक्त पडद्यावर न दिसणारा. एका उमेदवाराने ती बदलून एक रुपया केली आणि भरली. ब्राउझरमधली प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते. आणि रीसेटचं बटण कधीही ठेवू नये. भारनियमनाच्या काळात लांबलचक फॉर्म भरत असताना वीज गेली की लोक रडकुंडीला यायचे, ते मी पाहिलं आहे. पण वीज असताना सबमिटच्या शेजारच्या रीसेटवर बोट पडून तासाभराचं काम पुसलं गेलेला माणूस ज्या नजरेने बघतो, ती नजर जास्त वाईट. महावितरणला शिव्या देता येतात, इथे त्याला वाटतं चूक आपलीच.

हल्ली माझं निम्मं काम टॅग लिहायच्या आधीच होतं. यादीतल्या प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून मी विचारते, हे उत्तर कोण वाचतं आणि वाचून काय करतं? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यापासून निदान लोक हा प्रश्न ऐकून घेतात. पूर्वी मला भांडकुदळ म्हणायचे. गेल्या महिन्यात आम्ही एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासद नोंदणीच्या फॉर्मवर बसलो होतो. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, रक्तगट, जन्मतारीख, सगळ्यावर लाल स्टार. पुस्तक घरी न्यायला रक्तगट कशाला, हे कोणालाच सांगता येईना. कधीतरी रक्तदान शिबिराच्या फॉर्मवरून आला असावा. धर्म आणि जात निमूटपणे गेली. जन्मतारखेपाशी चिटणीस अडले. ‘ती राहू द्या मॅडम. वाढदिवसाला सभासदाला शुभेच्छांचा मेसेज जातो, लोकांना बरं वाटतं.’

मी विचारलं, ‘एक जूनला किती जातात, पाहिलंय कधी?’

चिटणिसांनी पाहिलं नव्हतं. खजिनदार मात्र हसायला लागले. म्हणाले, ‘मला येतो की दरवर्षी. मी जन्मलोय दिवाळीत.’

जन्मतारीख काढली. रक्तगटावर अजून चर्चा चालू आहे.